काट्यावरचा घाबरलेला

पहाटे पाचला झिपरूअण्णांचा फोन.
"काटानं कॉम्प्युटर मरी गयं, भो."
पडद्यावर काय दिसतंय?
"बारीक बारीक अक्षरं. हालत बी नहीत."

नंदुरबारच्या बाहेर, शहाद्याच्या रस्त्याला
मिरचीचे ट्रॅक्टर एकामागे एक, दिवे मालवून.
पथारींवर धुकं,
धुक्याखाली एकरभर लाल, अंधारात काळं दिसणारं.
केबिनच्या दारातच मला चार शिंका आल्या.

बटण दाबलं. पंखा फिरला.
कंपनीचं चिन्ह आलं, गेलं.
मग ओळी सुटल्या: डिस्क दिसली, घड्याळ लागलं,
कीबोर्ड ओळखला, काटा अजून नाही,
पोरगं जिन्यावरून पळत उतरावं तशा,
आणि मध्येच पायरी चुकली.
कर्नल पॅनिक.
खाली सोळा सोळा आकड्यांचे पत्ते,
जिथे कुणी राहत नाही.

"मरी गया का हाऊ?"
मरना नही अण्णा. घाबरी गया.
"कसाले?"
तेच तर सांगत होता तो,
सांगता सांगता वाचा गेली.

काल काही बदललं का, विचारलं.
"काहीच नही," अण्णा म्हणाले.
सगळेच आधी असं म्हणतात.

जुना कर्नल निवडला, दिवाळीच्या आधीचा.
तोही घाबरला.
पेनड्राइव्ह लावून बाहेरून उठवला.
दोन ओळी पुढे गेला, आणि तोही.
मी पेन्सिलीने वजनाच्या वहीत मागच्या पानावर लिहीत होतो:
एकदा फाइली उघडताना.
एकदा नेटवर्क शोधताना.
एकदा काहीच करत नसताना, नुसता बसल्या बसल्या.

एकाच जागी ठेचकाळतो त्याच्या वाटेत दगड असतो.
दर पावलाला वेगळीकडे पडतो
त्याच्या कपाळाला हात लावून बघावा.

बाहेर उजाडत होतं. देठ खुडायला बाया आल्या होत्या.
रुमतीबाई काचेतून आत बघून गेली, दोनदा.
हॉर्न सुरू झाले.
"हातानं लिखी टाक ना अण्णा," कुणीतरी ओरडलं.
अण्णा कसे लिहिणार?
भरलेल्या ट्रॉलीचं वजन काट्यावर दिसत होतं, ठळक, हिरवं.
रिकाम्या ट्रॉल्यांची सगळी वजनं
ह्या घाबरलेल्याच्या पोटात.

झाकण काढलं.
आत दोन मोसमांची मिरची.
पंख्यावर, तारांवर, आणि मेमरीच्या खाचेत
कुंकवासारखी बसलेली.
बॅटरी काढली, दोन्ही पट्ट्या काढल्या,
अण्णांच्या दप्तरातला खोडरबर घेऊन
सोनेरी दात घासले.
खोडरबराने मेमरी साफ करण्यातली गंमत
सांगायची राहिली, खोकला आवरत नव्हता.

पहिली पट्टी एकटी लावली. तपासणीत लाल ओळींचा पाऊस.
दुसरी लावली.
वाट बघितली. अण्णांनी तेवढ्यात चहा मागवला,
चहा येईपर्यंत एकही लाल ओळ नाही.

उठला. अर्ध्या मेमरीवर, कुरकुरत,
आजारातून उठलेल्याने ओसरीपर्यंत यावं तसा.
पण सगळ्या ओळी उतरून खाली आला.

मग अण्णा कपाकडे बघत म्हणाले,
"काल सांजले मी त्याले ब्लोअर मारेल व्हता.
पथारीवालाच. धूळ काढाकरता."
मी काही बोललो नाही.
माझ्याही घरी मी अशाच काही वस्तू सुधारल्या आहेत.

पहिली ट्रॉली चढली.
भरलेली चार हजार तीनशे ऐंशी,
रिकामी एक हजार नऊशे वीस,
निव्वळ दोन हजार चारशे साठ.
पावती फाडली, ट्रॅक्टर हलला.
दुसरी. तिसरी.

चौथ्या पावतीवर माझी नजर गेली.
तारीख: एक जानेवारी, सन दोन हजार.
आकडे सगळे बरोबर होते, म्हणून वर कुणी वाचलंच नव्हतं.

खुर्ची पुढे ओढली
आणि त्याला आजचा दिवस सांगितला.